अमेरिकेत खरंच गरिबी आहे का? की संधी असून काम न करणाऱ्यांची रडगाणी?

तुम्ही विचारलंय की तिकडच्या गरिबाकडेसुद्धा गाडी असते, फ्रिज असतो, हातात स्मार्टफोन असतो, मग ही गरिबी कसली, आणि ज्याला काम करायचंय त्याला तिकडे काम मिळतंच ना. माझं उत्तर: गरिबी आहे, खरी आहे, फक्त आपल्या ओळखीची नाहीये. मेळघाटातल्या कुपोषणाशेजारी ठेवून बघाल तर ती गरिबी वाटणारच नाही, आणि तशी तुलना मीपण करणार नाही.

मी ओहायोत कोलंबसजवळ राहतो, बरीच वर्षं झाली, आयटीतच आहे (दुसरं काय असणार).

आधी गाडीचं बोलू, कारण हा मुद्दा दर वेळी येतो. इथे गाडी ही चैन नाही. वेअरहाऊस शहराबाहेर हायवेला, शिफ्ट पहाटेची, बस एकतर तिथपर्यंत जात नाही नाहीतर भलत्याच वेळेला जाते. मग माणूस दीड-दोन लाख मैल पळालेली जुनी गाडी घेतो, तीपण वाट्टेल त्या व्याजाने कारण क्रेडिट स्कोअर बोंबललेला. एक दिवस तिचं ट्रान्समिशन बसतं, मेकॅनिक दोन-तीन हजार डॉलर सांगतो, ते नसतात, मग कामावर दांड्या होतात, बऱ्याच वेअरहाऊसमध्ये दांडीचे पॉइंट असतात आणि पॉइंट भरले की नोकरी जाते, मग भाडं थकतं, आणि ओहायोत भाडं थकलं की घरमालक तीन दिवसांची नोटीस दारावर लावून कोर्टात जाऊ शकतो. एकदा नावावर इव्हिक्शनची (घर खाली करवण्याची) केस लागली की पुढचा घरमालक ऑनलाइन नाव टाकून बघतो आणि जागा गेली म्हणून सांगतो. या सगळ्यात फ्रिज आणि फोन दोन्ही शाबूत आहेत बरं का. फेडरल रिझर्व्हच्या (इथली रिझर्व्ह बँकच म्हणा) २०२३ च्या पाहणीत ४०० डॉलरचा अचानक आलेला खर्च हातातल्या पैशातून भागवू असं म्हणणारे ६३ टक्के होते. बाकीचे उधारी करणार, काहीतरी विकणार, नाहीतर सरळ जमणार नाही म्हणणारे. हे चारशे डॉलर म्हणजे आमच्याकडे मुलाच्या एका समर कँपचे.

आता आकडे. सेन्सस ब्यूरोच्या (सरकारी जनगणना खात्याच्या) हिशोबाने २०२३ मध्ये ११.१ टक्के लोक गरिबीरेषेखाली होते, म्हणजे ३ कोटी ६८ लाख. चौघांच्या घराची रेषा साधारण ३१ हजार डॉलर. लगेच त्याचे रुपये करून "पंचवीस लाख! आणि हे गरीब?" असं म्हणू नका, व्हॉट्सॲपवरचे काका लोक नेमके इथेच घसरतात, कारण भाडं आणि डेकेअर काय रुपयात भरायचं नसतं. आणि ही रेषासुद्धा गंमतशीर आहे. १९६० च्या दशकात मॉली ओरशान्स्की नावाच्या सरकारी अर्थतज्ज्ञ बाईंनी ती काढली, स्वस्तातल्या खाण्याचा खर्च गुणिले तीन, कारण तेव्हा घरचा साधारण एक तृतीयांश पैसा खाण्यावर जायचा. आज खाणं त्यामानाने स्वस्त झालंय, पगार खातं ते भाडं. रेषा मात्र महागाई जोडत जोडत तीच चाललीये.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मी मान्य करतो. या अधिकृत आकड्यात फूड स्टॅम्प (खाण्याचं सामान घ्यायला सरकारी मदत), टॅक्स क्रेडिट (करातली सूट) वगैरे मदत धरतच नाहीत, म्हणून गरिबी फुगवून दाखवतात असं काही लोक म्हणतात. ठीक आहे, पण सेन्ससचंच दुसरं माप आहे ज्यात ही मदत धरतात आणि औषधपाण्याचा, कामावर जाण्यायेण्याचा खर्च वजा करतात. त्या मापाने २०२३ चा आकडा १२.९ टक्के, म्हणजे उलट वाढला. आणि याच मापाचं मुलांचं बघा: २०२१ मध्ये सरकारने चाइल्ड टॅक्स क्रेडिट वाढवला, जुलै ते डिसेंबर दर महिन्याला मुलामागे अडीचशे-तीनशे डॉलर थेट खात्यात, तर मुलांची गरिबी ५.२ टक्क्यांवर आली. योजना बंद झाली आणि २०२२ मध्ये १२.४ टक्के. आता त्या एका वर्षात लाखो आईबाप अचानक आळशी झाले असं कुणाला म्हणायचं असेल तर माझं काही म्हणणं नाही!

माझ्या बायकोमुळे मी एका चर्चच्या फूड पँट्रीत (गरजूंना खाण्याचं सामान फुकट देतात तिथे) मधूनमधून मदतीला जातो. पार्किंगमध्ये गाड्यांची रांग लागते, लोक आतच बसून राहतात, डिकी उघडतात आणि आपण खोकी ठेवायची. निम्मे लोक कामावरून आलेले किंवा कामावर निघालेले दिसतात, नर्सिंग होममधल्या (इथे म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या संस्थेतल्या) आयांचे युनिफॉर्म अंगावर, गळ्यात बॅज तसाच. एक बाई दर वेळी आधी विचारून घ्यायची की मायक्रोवेव्हमध्ये होईल असं काय आहे, कारण ती दोन पोरांना घेऊन मोटेलच्या खोलीत राहत होती आणि तिथे शेगडी नाही. तिला आठवड्याचं मोटेलचं भाडं परवडतं पण अपार्टमेंटचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं आणि अर्जाची फी एकदम काढता येत नाही. २०२४ च्या जानेवारीतल्या मोजणीत अमेरिकेत ७ लाख ७० हजारांवर बेघर सापडले, तो आकडा तुम्ही वाचला असेल, पण स्वतःच्या पैशाने मोटेलमध्ये राहणारी ही बाई त्या मोजणीत येतच नाही.

संधीचं म्हणाल तर ती आहे, पण ती झिपकोडप्रमाणे (आपला पिनकोड) वाटलेली आहे. राज चेट्टी म्हणून दिल्लीत जन्मलेले हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांच्या टीमने कोट्यवधी टॅक्स रेकॉर्ड घेऊन बघितलं की १९४० ला जन्मलेल्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आईबापापेक्षा जास्त कमवायला लागले, १९८० च्या दशकात जन्मलेल्यांपैकी फक्त अर्धे. कमाईत तळातल्या पाचव्या हिश्शातल्या घरातलं पोर वरच्या पाचव्या हिश्शात पोचायची शक्यता कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत १२.९ टक्के आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये ४.४. देश तोच. आणि शार्लट काही मागास गाव नाही, बँकांचं शहर आहे.

आता शाळा. इथे शाळेचा बराच पैसा त्या भागातल्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, त्यामुळे महागड्या घरांच्या गावात शाळा भारी. ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्येच सांगितलं की ही पद्धत राज्याच्या घटनेत बसत नाही, पुढे २०००, २००२ मध्ये परत तेच, आणि तरी आजही घर कुठे आहे त्यावरच शाळा ठरते. आम्ही मराठी मंडळी काय करतो? शाळेचं रेटिंग नऊ की दहा ते बघतो आणि मग घर बघतो. मीपण तेच केलं. मग त्या घरात बसून म्हणायचं, छे, मला तर कुठे गरिबी दिसत नाही.

बरं, गरिबी म्हणजे फक्त काळ्या लोकांची असाही आपल्याकडे समज आहे. त्यांच्या वाट्याला जास्त आलीये हे खरं, १९३० च्या दशकात त्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवून त्यांना गृहकर्जापासून लांब ठेवलं त्याचे परिणाम अजून दिसतात. पण शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियातली मॅकडॉवेल काउंटी (आपला जिल्हा म्हणा) बघा, बहुतेक लोक गोरे. १९५० मध्ये लाखभर वस्ती होती, खाणीत यंत्रं आली, कोळसा मंदावला, २०२० पर्यंत वीस हजारांच्याही खाली. १९६१ मध्ये केनेडींच्या काळात फूड स्टॅम्प परत सुरू झाले तेव्हा पहिले कुपन तिथल्याच कुटुंबाला मिळाले. २०१६ मध्ये तिथलं वॉलमार्टसुद्धा बंद झालं. "दुसरीकडे जा ना मग" म्हणणं सोपं आहे, जे जाऊ शकत होते ते गेलेच, पण विकायला काढलेलं घर घेणार कोण?

आणि "आम्ही दोन बॅगा घेऊन आलो आणि करून दाखवलं ना" हे कृपया नको. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला मुळात डिग्री लागते, ती आपण भारतातल्या कॉलेजात कमी फीत घेतलेली असते, म्हणजे आपण चाळणीतून गाळून आलेले लोक.

शेवटचं, फुकट बसून खाण्याबद्दल. १९९६ च्या कायद्यापासून धडधाकट, मूलबाळ नसलेल्या माणसाला आठवड्याला २० तास काम दाखवल्याशिवाय तीन वर्षांत तीनच महिने फूड स्टॅम्प मिळतात, अपवाद आहेत पण नियम हा. उलट खरी अडचण काम करणाऱ्यांची होते. पँट्रीतच भेटलेल्या एका आयाने शिफ्ट सुपरवायझर व्हायला नकार दिला होता, कारण तासाला एखाद-दीड डॉलर वाढला असता आणि डेकेअरची सरकारी मदत पूर्ण गेली असती. तिने फोनवर कॅल्क्युलेटर काढून मला हिशोब दाखवला, महिन्याला तीच तोट्यात जात होती. मी दोनदा तपासला, तिचं बरोबर होतं.