गोव्यातून पुण्याला कथक शिकायला जायचंय, सहा महिन्यांचं नियोजन कसं करू?

तुम्ही विचारलंय: फोंड्यात मध्यमा पूर्ण या परीक्षेपर्यंत कथक झालंय, नोकरीतून सहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळतेय, पुण्यात राहून नीट तालीम घ्यायची आहे, तर खोली, खर्च, क्लास आणि प्रवास कसा ठरवावा. सगळं विचारलंत, पण रियाज कुठे करणार हे त्यात नाही. मीही ते धरलं नव्हतं आणि माझं सगळं गणित तिथेच चुकलं. म्हणून आधी तेच सांगते.

मी गोव्यातल्याच माशेलची. सव्विसाव्या वर्षी नोकरी सोडून पुण्याला गेले आणि अकरा महिने राहिले. कर्वे रस्त्याजवळ तिसऱ्या मजल्यावर कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत तिघी, खिडकीतून गुलमोहर, क्लास चालत दहा मिनिटांवर. घरी फोन करून सांगितलं, देवाची कृपा! चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून आल्या. रागावल्या नाहीत, उलट खुर्चीत बसून पाणी मागितलं. मग म्हणाल्या, "बाळ, तुझं ते थै थै दुपारी थेट माझ्या उशीवर पडतं गं." मी घुंगरू सोडले, नुसत्या पायांनी तत्कार, म्हणजे तालात पाय आपटण्याचा रियाज, सुरू ठेवला. आठवड्याने मालकीणबाईंचा निरोप आला, नाचायचं असेल तर दुसरीकडे बघा.

आपल्याकडे हा प्रश्नच पडत नाही. चिऱ्याचं घर, खाली भुई, शेजारी पन्नास पावलांवर. संध्याकाळी सोप्यावर तासभर पाय आपटले तर फार तर कुत्रं भुंकतं. पुण्यात तुमची जमीन म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी छत असतं. गच्चीवर करू म्हणाल, तर गच्चीखालीही कुणीतरी झोपलेलं असतंच.

आता हिशेब बघा. क्लास आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास. म्हणजे साडेचार तास. आठवड्याचे तास १६८. गुरू जे देणार ते त्या साडेचार तासांत, पण ते अंगात मुरणार बाकीच्या तासांत. ते तास मोबाईल बघत काढायचे असतील तर फोंड्यातच राहिलेलं काय वाईट?

तेव्हा खोली बघताना आधी तळमजला मागा. जुन्या वाड्यांच्या किंवा बैठ्या घरांच्या मागच्या खोल्या मिळतात. अंधाऱ्या असतात, पण पायाखाली जमीन असते. नाही मिळाली तर ज्या गुरूंकडे जाणार त्यांना पहिल्याच भेटीत विचारा, की सकाळी हॉल रिकामा असतो तेव्हा रियाजाला मिळेल का. मला विचारायला संकोच वाटला आणि त्यात दोन महिने गेले. विचारल्यावर उत्तर आलं, "अगं, आधी का नाही बोललीस?" मग रोज सहा ते आठ तो हॉल माझा. काही ठिकाणी तासावर पैसे घेतात, तेही खर्चात धरा. घरी असताना पढंत करा. मांडी घालून हातावर ताल धरायचा, मोबाईलवर लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी धून, लावायचा आणि तोडे, परण अशा नाचाच्या रचनांचे बोल तोंडाने म्हणायचे. तीनतालाच्या सोळा मात्रांत एखादी तिहाई (तीनदा म्हणून समेवर आणायचा तुकडा) नेमकी कुठून उचलायची हे मला पायांपेक्षा तोंडाने लवकर कळलं. त्याचा खालच्या आजींना त्रास नाही.

जमिनीचं आणखी एक. स्लॅबवर घट्ट बसवलेली फरशी अजिबात लवचिक नसते, आपटलेल्या पायाचा सगळा धक्का नडगीत परत येतो. त्यात आपण गोव्यात आठवड्याला तीन-चार तास नाचणारे, तिथे एकदम रोज तीन तास सुरू करतो. हॉल मिळाल्यावर दुसऱ्या महिन्यात माझ्या नडग्या इतक्या दुखायला लागल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. डॉक्टरांनी औषध कमी दिलं, ओरडा जास्त दिला. तुम्ही निघायच्या दोन महिने आधीपासून घरीच दर आठवड्याला थोडा थोडा रियाज वाढवत न्या, आणि तिथे आठवड्यातला एक दिवस पायांना पूर्ण सुट्टी द्या. नडगीत एका ठरावीक जागी बोट ठेवल्यावर दुखलं तर मात्र थांबा आणि दाखवा. अंगदुखी म्हणून पुढे रेटू नका.

आता सहा महिन्यांबद्दल. कमी आहेत, माझं मत स्पष्ट आहे. नवे गुरू पहिले दोन महिने तुम्हाला नवीन काही देणार नाहीत, जुनं मोडतील. हस्तक, म्हणजे हाताची हालचाल, कुठून निघतो, चक्करीत (गिरकीत) नजर कुठे राहते, तत्कारात टाच किती उचलायची, सगळं पुन्हा. मध्यमा पूर्ण झालेल्या मुलीला लहान मुलींच्या बॅचमध्ये उभं करतात तेव्हा रडू येतं. येऊ द्या. पुण्यात तर हमखास होतं हे. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये तिथे नृत्यभारती सुरू केली. त्या स्वतः लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर या दोघांकडे शिकलेल्या. त्यांच्या शिष्या आणि शिष्यांच्या शिष्या आज शहरभर शिकवतात, आणि त्या परंपरेत अंगाची स्वच्छता आणि बोलांचा विचार याला फार मान आहे. घाईने दोन बंदिशी उचलून परत यायचं असेल तर तिथे जाऊ नका. रजा वर्षाची होत असेल तर वर्षाची करा. होत नसेल तर सहा महिने एकदम घालवण्यापेक्षा तीन महिने आता आणि तीन महिने पुढच्या वर्षी, मध्ये घरी रियाज, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पदवीच करायची असेल तर विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, पण ते पूर्णवेळ काम, रजेवर होणारं नाही.

आणि हो, फोंड्यातल्या तुमच्या बाईंना आधी सांगा. त्यांना तिसऱ्याकडून कळू देऊ नका. नवे गुरू पहिला प्रश्न हाच विचारतात: त्यांना माहीत आहे ना?

जायचं कधी? आधी पंधरा दिवसांसाठी नुसतं जाऊन या. दोन-तीन ठिकाणी कोपऱ्यात बसून वर्ग बघा. बघू देत नसतील तर तेही एक उत्तरच. मग मुक्कामाला जून धरा, आषाढातली गुरुपौर्णिमा तिथेच मिळेल. त्या कार्यक्रमात सगळ्या बॅचेस नाचतात, आपण कुठे उभे आहोत ते एका संध्याकाळीत समजतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत असतात, त्याच्या आधीचा महिना गुरूंचं सगळं लक्ष परीक्षेला बसणाऱ्या मुलींकडे असतं. त्या काळात नवीन माणसाने जाऊन हाती फार लागत नाही. गणपतीत क्लास बंद, रस्ते बंद, ढोल चालू. तेव्हा चवथीला सरळ घरी या. मी पहिल्यांदा तिकीट काढायला उशीर केला, खासगी बसचे दर ऐकून तोंडाला कोरड पडली, आणि आईने गणपतीवरची फळाफुलांची माटोळी माझ्याशिवाय बांधली याचा टोमणा अजून ऐकते. कदंबाचं, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचं, तिकीट तारीख उघडली की काढा. गोवा एक्सप्रेस बेळगाव-मिरजेवरून जाते, पण पावसात ब्रागांझा घाटात दरड आली की तिचं काही खरं नाही.

खोलीचा करार होत असेल तर तो बहुतेक अकरा महिन्यांचा असतो. लिव्ह अँड लायसन्स म्हणतात त्याला, महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे. तुम्ही मध्येच निघालात तर अनामत परत कशी मिळणार हे त्यात लिहून घ्या. कॉट बेसिसवर असा करार बहुधा नसतो, तिथे किती दिवस आधी सांगायचं आणि अनामतीतून काय कापणार हे मोबाईलवर संदेश पाठवून कबूल करून घ्या. मी तोंडी बोलण्यावर विसंबले आणि एका महिन्याचं भाडं गेलं. क्लासची फी दिवाळीच्या सुट्टीतही द्यायची का, तेही आधीच विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

भाग कोथरूड, एरंडवणे, सदाशिव पेठ असा कुठलाही चालेल, गुरू जिथे तिथून चालत जाता आलं पाहिजे एवढंच. वनाझकडून डेक्कनकडे मेट्रो आहे, पण सकाळी सहाच्या रियाजाला पायच बरे.

जेवणाचं थोडक्यात: खानावळीचा डबा शाकाहारी आणि आमटी गोड. उकडे तांदूळ घरून न्या, सोलां (आमसुलं) न्या. नुस्त्याची, म्हणजे मासळीची, आठवण रविवारी फार येते, त्यावर इलाज मला सापडला नाही. "गोव्यात मराठी बोलतात?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येईल, त्यावर चिडून काही उपयोग नाही.

सामान बसच्या डिकीत टाकलंत तरी घुंगरू मात्र हातातल्या पिशवीत घ्या. माझे पावसात डिकीत भिजले, आठवडाभर पिशवीतच राहिले. पितळ हिरवं पडलं ते चिंचेने निघालं, पण दोरी कुजली. शंभर-शंभर घुंगरू नव्या दोरीत पुन्हा गुंफत दोन रात्री त्या कॉटवर बसून होते.