श्रोत्यांच्या वर्गणीवरचा रेडिओ

प्रश्न : जाहिराती नसलेली, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारी स्टेशनं इंटरनेटवर ऐकायची आहेत. सुरुवात कुठून करू? स्टेशनची फाइल उघडली तर आवाजाऐवजी नुसती अक्षरं दिसतात. मित्रांनाही गोडी लावायची आहे.

उत्तर : चर्चा-बातम्यांसाठी अमेरिकेतल्या बर्कलीचं केपीएफए (१९४९ पासून सुरू), संगीतासाठी न्यू जर्सीचं डब्ल्यूएफएमयू. या दुसऱ्या स्टेशनवर गाणी निवेदक स्वतः निवडतो, त्यामुळे एकाच कार्यक्रमावरून मत बनवू नका. वेगवेगळ्या वेळचे चार-पाच तरी ऐका.

तुमची फाइल बिघडलेली नाही. एम३यू किंवा पीएलएस फाइलमध्ये आवाज नसतोच, फक्त स्ट्रीमचा, म्हणजे इंटरनेटवरून सतत येणाऱ्या आवाजाचा, पत्ता असतो. ‘एचटीटीपी’पासून सुरू होणारा पत्ता कॉपी करून व्हीएलसी या प्लेअरच्या ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’मध्ये टाका. आवाज तुटला तर त्याच खिडकीत कॅशिंग (आवाज किती आधी साठवून ठेवायचा ते) ५००० मिलिसेकंद करा. सुरू व्हायला थोडा उशीर लागेल, पण अडखळणं कमी होईल. डेटा जपायचा असेल तर बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा येतो ते) पाहा : १२८ केबीपीएसला तासाला सुमारे ५८ एमबी लागतात, ३२ला साधारण १४. इतक्या कमी बिटरेटला एएसी प्रकारचा स्ट्रीम घ्या, एमपी३ पत्र्यासारखा वाजतो.

मित्राला थेट प्रक्षेपणाची लिंक पाठवू नका, तो उघडेपर्यंत कार्यक्रम बदललेला असतो. संग्रहातल्या भागाची लिंक द्या आणि ‘४२व्या मिनिटापासून ऐक’ असं लिहा. तीन तासांचा भाग कोण आपणहून चाळणार? निधी संकलनाचे दिवसही टाळा. तेव्हा गाण्यांपेक्षा आवाहनंच जास्त ऐकू येतात.