सायकलवरून कामावर, आणि शर्टाची इस्त्री

या वेळचे सगळे प्रश्न सोलापुरातून सायकलनं कामाला जाणाऱ्या वाचकांचे आहेत आणि सगळे कपड्यांच्या सुरकुत्यांभोवती फिरतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे. त्यातलं कारण एकदा लक्षात आलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

प्रश्न : मी जुळे सोलापुरातून नवी पेठेतल्या बँकेत सायकलनं जातो. निघताना शर्टाला कडक इस्त्री असते, पण पोचेपर्यंत पाठ चुरगळते आणि पोटावर आडव्या सुरकुत्या पडतात. म्हणून शर्ट बॅगेत घालून नेला, तर छातीवर घडीच्या रेषा उठल्या. दोन्हीतून सुटका कशी करायची?

उत्तर : सुती धागा म्हणजे सेल्युलोज. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. धाग्यात पाणी शिरलं की हे बंध सुटतात आणि कापड वाळताना ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत पुन्हा जुळतात. इस्त्री हेच करते. ओलावा, उष्णता आणि दाब देऊन कापड सपाट असतानाच ती त्याला वाळवते. सायकलवर घाम म्हणजे ओलावा, अंगाची आणि उन्हाची उष्णता आणि सॅकचा किंवा वाकलेल्या पोटाचा दाब, हे तिन्ही हजर असतात. फक्त कापड तेव्हा सपाट नसून चुरगळलेलं असतं. थोडक्यात, रस्ताभर तुमच्या शर्टाला सुरकुत्यांची इस्त्री होत असते.

म्हणून सुती शर्ट अंगात घालून सायकल चालवू नका. जाताना बनियन किंवा साधा टी-शर्ट घाला आणि शर्ट वेगळा न्या.

आता बॅगेतल्या घडीकडे येऊ. छातीवर रेषा उठतात, कारण घडी चुकीच्या जागी पडते. दुकानात शर्ट जसा लहान चौकोनात घडी घातलेला मिळतो, तशीच घडी आपण घरी घालतो. ती घडी दुकानाच्या फळीवर मावावी म्हणून असते, तुमच्या सोयीसाठी नाही. तुम्हाला एकच आडवी घडी हवी आणि ती पट्ट्याखाली जायला हवी.

त्यासाठी शर्ट अंगात घालून, खोचून, मागे कॉलरच्या शिवणीपासून पट्ट्यापर्यंत टेपनं माप घ्या. बहुतेकांचं ते 42 ते 46 सेंटिमीटर भरतं. तेवढ्याच लांबीचा आणि 28 सेंटिमीटर रुंदीचा तुकडा फ्लेक्सच्या दुकानातून सनपॅक शीटचा, म्हणजे आतून पोकळ असलेल्या हलक्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचा, कापून घ्या. पुठ्ठाही चालतो, पण घामट हवेत तो वाकतो. तुकड्याचे कोपरे गोल कापा. दोन्ही उभ्या कडांवर जुन्या बनियनची दोन-तीन पदरी पट्टी चिकटवा, म्हणजे उभी घडी धारदार न बसता गोलसर वळेल आणि तिची रेषा उठणार नाही.

इस्त्री झाल्यावर शर्ट लगेच घडी करू नका. पंधरा मिनिटं हँगरवर राहू द्या. गरम कापडात वाफ अडकलेली असते. तशात घातलेली घडी ही इस्त्रीनं पाडलेल्या घडीइतकीच पक्की बसते. सकाळच्या घाईत नेमकी हीच चूक होते, त्यामुळे इस्त्री आदल्या रात्रीच उरकून ठेवलेली बरी.

मग सगळी बटणं लावा आणि शर्ट पालथा पसरा. वर कॉलर येईल असा तुकडा पाठीवर मधोमध ठेवा. एक बाजू आत घ्या आणि बाही खांद्यापासून सरळ खाली सोडा, आडवी दुमडू नका. दुसरी बाजूही तशीच घ्या. आता तुकड्याच्या खाली लोंबणारा घोळ वर दुमडा. ही ती एकमेव आडवी घडी. शर्ट खोचला की ती पट्ट्यामागे जाते. कॉलरच्या आत रुमालाची सैल गुंडाळी ठेवा, नाहीतर कॉलर चपटी होते. शेवटी सगळं पातळ पॉलिथिनच्या पिशवीत सरकवा. गुळगुळीत पिशवीत कापडाला हलायला वाव मिळतो, ते बॅगेच्या अस्तराला घासून गोळा होत नाही.

सॅक पाठीवर असेल तर पाठीची उष्णता आणि घाम थेट शर्टापर्यंत पोचतो. सॅक कॅरिअरवर न्या. लांबी 45 सेंटिमीटरच्या आसपास असलेल्या साध्या सॅकमध्ये हा तुकडा मावतो. सॅक आडवी टाकून ट्यूबच्या पट्टीनं बांधायची असेल, तर शर्टाच्या वरच्या बाजूलाही तेवढाच दुसरा तुकडा ठेवा, म्हणजे पट्टीचा दाब कापडावर न येता तुकड्यावर येईल. खड्ड्यात शर्ट हादरून खाली गोळा होऊ नये म्हणून दोन्ही तुकडे खालच्या कडेला कपड्यांच्या दोन चिमट्यांनी पकडा. चिमटे अगदी कडेवरच लावा, त्यांची खूण पट्ट्याखाली जाते.

जेवणाचा डबा त्याच सॅकमध्ये ठेवू नका. डब्याचं वजन शर्टावर येतं ते येतंच, शिवाय शेंगाच्या चटणीचं तेल झाकणातून झिरपलं तर इस्त्रीचा प्रश्न बाजूला राहतो आणि डाग काढत बसावं लागतं. डबा हँडलला लटकवा.

प्रश्न : मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे. तिथे कपडे बदलायला जागा नाही, शर्ट घालूनच जावं लागतं. कोणतं कापड घ्यावं?

उत्तर : तुम्हाला मिश्र कापड घ्यावं लागेल. पॉलिएस्टर 65 टक्के आणि कॉटन 35 टक्के असं मिश्रण शर्टांत सर्रास मिळतं. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. शिवाय पॉलिएस्टरचा आकार बदलायला साधारण 70 अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते. अंगाच्या उष्णतेनं त्यात घडी बसत नाही ती यामुळे. याची किंमतही मोजावी लागते. हे कापड घाम शोषत नाही, मे महिन्यात पारा 42-43 ला टेकला की गरम होतं आणि वासही लवकर धरतं. म्हणून आत सुती बनियन हवंच.

विणीकडेही बघा. साध्या पातळ पॉपलिनपेक्षा तिरप्या रेघेची ट्विल वीण सुरकुती लवकर सोडते. लिनन मात्र घेऊ नका, ते सगळ्यात जास्त चुरगळतं. दुकानातच परीक्षा करायची तर शर्टाचा कोपरा मुठीत वीस सेकंद घट्ट दाबा, सोडा आणि मिनिटभर बघा. रेषा तशाच राहिल्या तर पुढचा शर्ट मागा. बारीक चेक्स आणि छापील नक्षीत सुरकुती लपते. फिक्या निळ्या आणि राखाडी रंगावर घामाचा ओला डाग सगळ्यात ठळक दिसतो. त्यापेक्षा पांढरा किंवा गडद नेव्ही ब्लू बरा, मात्र गडद रंगावर घाम वाळल्यावर मिठाच्या पांढऱ्या रेषा उठतात.

‘रिंकल-फ्री’ लेबलच्या शुद्ध सुती शर्टांबद्दलही थोडं सांगायला हवं. त्यांच्या धाग्यातल्या साखळ्या रेझिन नावाच्या रसायनानं पक्क्या बांधलेल्या असतात, म्हणून पाण्यानं त्या सहज सरकत नाहीत. पण या प्रक्रियेत कापडाची ताकद घटते. कॉलरची आणि कफची कड लवकर विरते. अशा शर्टाला क्लोरीनचं ब्लीच लावू नका.

पोटावरच्या सुरकुत्यांचा संबंध बसण्याशी आहे. हँडल खाली असेल तर माणूस वाकतो. हँडलची दांडी सैल करून वर घेता येते, पण तिच्यावर कमाल मर्यादेची खूण कोरलेली असते. ती खूण दिसू लागेल इतकी दांडी वर घेऊ नका, ती मोडण्याचा धोका असतो. सायकल चालवताना शर्ट बाहेर सोडा आणि गेटपाशी उतरल्यावर खोचा. खोचलेला शर्ट प्रत्येक पॅडलबरोबर ओढला जातो आणि पट्ट्यावर आडवा गोळा होतो.

धुण्यातही एक गोष्ट सांभाळा. मशीनमध्ये कपडे कोंबू नका आणि स्पिन कमी वेगावर ठेवा. कपडे ओले असतानाच काढून दोनदा जोरात झटका आणि वरचं बटण लावून हँगरवर सावलीत वाळवा. मिश्र कापडाला मग इस्त्री नावालाच लागते. ती मध्यम आंचेवर, म्हणजे दोन ठिपक्यांच्या खुणेवर करा.

प्रश्न : कांजी केली तर शर्ट कडक राहतो. सायकलवरही टिकेल ना?

उत्तर : नाही, उलट होईल. मागावर चढवण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, कांजीसारखी खळ देतात ती धागा ताण सोसावा आणि घासून तुटू नये म्हणून, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. शर्टालाही कांजी कडकपणा देते. पण कडक कापड वळत नाही, मोडतं. घडीच्या जागी कांजीचा थर मोडतो आणि पांढरट धारदार रेषा उठते. ती हातानं निघत नाही. घामानं कांजी मऊ पडून चिकट होते, ते वेगळंच. कांजी करायचीच असेल तर फक्त कॉलर आणि कफला करा, तीही अगदी पातळ.

प्रश्न : मी बनियनवर येतो आणि ऑफिसात शर्ट घालतो. तरी दहा मिनिटांत पाठ भिजते आणि शर्ट चुरगळतो. असं का?

उत्तर : सायकलवरून उतरलं की घाम लगेच थांबत नाही. शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडेपर्यंत तो चालूच राहतो आणि आता सायकलवरचा वाराही नसतो. शेवटचा किलोमीटर मुद्दाम सावकाश या. पोचल्यावर पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं बनियनवरच थांबा. अर्धा लिटर पाणी आणि एक छोटा टर्किश नॅपकिन एवढ्यात काम होतं. नॅपकिन भिजवून पिळा, मान, मनगटं, काखा आणि पाठ पुसा आणि अंग हवेवर वाळू द्या. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी झटकन उडतं आणि अंग खरंच गार होतं. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा कोरड्या नॅपकिननं पुसून पुन्हा कोरडं व्हा. मग ओलं बनियन काढून कोरडं घाला. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि ओल्या बनियनवरच शर्ट चढवतात. तुमची पाठ तिथेच भिजत असावी. डिओडोरंट लावत असाल तर ते वाळायला दोन-तीन मिनिटं द्या. घाम थोपवणाऱ्या डिओडोरंटमधल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांनी आणि घामानं मिळून काखेत पिवळे डाग पडतात. संध्याकाळी घरी गेल्यावर शर्ट अर्धा तास साध्या पाण्यात भिजवला तर ते बसत नाहीत. घामट शर्टाला न धुता परत इस्त्री मात्र कधीच करू नका, उष्णतेनं डाग पक्का होतो.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. सुती पंजाबी ड्रेस घालून सायकलनं शाळेत जाते. कुर्त्याची मागची बाजू चुरगळते आणि ओढणी चाकात जायची भीती वाटते.

उत्तर : ओढणी अंगावर नकोच. ती लांबीत चौपदरी करून कापडाच्या गठ्ठ्यातल्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, म्हणजे तिला आडवी घडीच पडत नाही. कुर्त्याचा मागचा पदर सीटवर घेऊन बसू नका. बसताना तो उचलून मागे सोडा. मागच्या चाकाला जाळीचं गार्ड आणि चेनला पूर्ण कव्हर असेल तरच हे करा. नसेल तर ही दोन्ही आधी बसवून घ्या. सलवारीची उजवी मोरी चेनच्या बाजूला असते. ती घोट्याशी कापडी पट्टीनं सैल बांधा, घट्ट रबर लावलं तर त्याची चुणी दिवसभर दिसते.

प्रश्न : आमचे इस्त्रीवाले शर्ट वर्तमानपत्राएवढ्या छोट्या घडीत देतात. घरी इस्त्री करायला वेळ नाही. काय करावं?

उत्तर : तुमचा मापाचा तुकडा त्यांच्याकडे द्या आणि यावरच घडी घाला म्हणून सांगा. कोळशाच्या इस्त्रीतून निघालेला शर्ट खूप गरम असतो, त्यामुळे घडी घालण्याआधी तो थोडा वेळ टांगायलाही सांगा. ते जमत नसेल तर शर्ट हँगरवर मागा आणि घडी घरी घाला.

ऑफिसात लोखंडी कपाट असेल तर याहून सोपा उपाय आहे. सोमवारी आठवड्याचे पाचही शर्ट एकदम न्या आणि कपाटात हँगरवर ठेवा. नेण्यासाठी ते एकावर एक ठेवताना एका शर्टाची कॉलर वर, पुढच्याची खाली अशी मांडणी करा, म्हणजे पाच कॉलरींचा एकाच जागी उंचवटा होत नाही. तुकडा एकच पुरतो, पाचही शर्ट त्याच्याभोवती एकत्र दुमडा. थर जाड झाला की घड्याही आपोआप गोल होतात. धुळीसाठी प्रत्येक हँगरवर जुन्या उशीचा अभ्रा उलटा चढवा, बंद टोकाला मधोमध हँगरच्या आकड्यापुरतं भोक पाडलं की झालं.

तरीही एखादी रेषा राहिलीच, तर औषधाच्या दुकानात मिळणारी छोटी स्प्रे बाटली जवळ ठेवा. शर्ट हँगरवर टांगा, रेषेवर एक हातभर अंतरावरून पाण्याचे दोनच फवारे मारा, खालची कड ताणून धरा आणि तळहातानं वरून खाली सपाट करा. कापड फक्त दमट व्हायला हवं. ओलं झालं तर वाळायला वेळ लागतो आणि पाण्याचा गोल डाग दिसतो. पंख्याखाली पाच-सात मिनिटांत वाळलं की मगच अंगात घाला.