पावसाळ्यानंतर आउटबोर्ड बोटीचं स्टीअरिंग फार जड झालंय, केबल बदलावी का?

केबल एवढ्यात मागवू नका. आधी मशीन (म्हणजे बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन) आणि केबल एकमेकांपासून सोडवा आणि जड नेमकं काय झालंय ते बघा.

तुम्ही लिहिलंय की बोट पंधरा वर्षं जुनी आहे, ४० हॉर्सपॉवरचं मशीन आहे, पावसाळाभर बोट किनाऱ्यावर शाकारून ठेवली होती, आणि आता दोन हातांनी जोर लावल्याशिवाय चाक वळत नाही. मेकॅनिक म्हणतो केबल गेली, शेजारचा बोटवाला म्हणतो हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं स्टीअरिंग बसवा. मी मालवणजवळच्या देवबागला बरीच वर्षं पर्यटकांची बोट चालवली आहे. याच दुखण्यावर एकदा मी नवी केबल आणून बसवली आणि स्टीअरिंग होतं तेवढंच जड राहिलं. दोष केबलमध्ये नव्हताच, मशीन ज्या खुंट्यावर वळतं त्या खुंट्यात होता. आमच्या वाडीतले एक जुने तांडेल (बोटीचे प्रमुख) तेव्हा म्हणाले होते, "आदी सोडवन बघ, मगे इकत घे." त्यानंतर मी कायम तसंच करत आलोय.

तुमचं चाक त्याच्यामागची केबल पुढे-मागे ढकलतं. केबलच्या टोकाला स्टीलचा गुळगुळीत दांडा असतो. मशीन ज्या नळीवर वर-खाली होतं, त्या टिल्ट ट्यूबमधून हा दांडा आरपार जातो आणि पलीकडे एका वाकड्या सळईने मशीनच्या स्टीअरिंग आर्मला जोडलेला असतो. मशीन डावी-उजवीकडे वळतं ते मात्र वेगळ्या, उभ्या खुंट्यावर. म्हणजे जड होण्याच्या जागा चार: चाकामागची गिअरपेटी, केबल, टिल्ट ट्यूब आणि हा खुंटा. चाक हातात धरून यातली कुठली जड आहे ते सांगता येत नाही, कारण चारही मिळून एकच जडपणा हाताला लागतो.

पान्याला हात लावण्याआधी एक बिनखर्चाची गोष्ट पाहा. काही मशीनना वळण घट्ट-सैल करण्याचा स्क्रू किंवा छोटा दांडा असतो. तो हँडलने चालवायच्या मशीनसाठी असतो. चाकाच्या बोटीत तो सैलच हवा.

आता मशीन सरळ खाली सोडा आणि वाकडी सळई स्टीअरिंग आर्मपासून काढा. मशीन दोन्ही हातांनी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. माणसाच्या साध्या ताकदीने फिरलं तर खुंटा ठीक. अडखळलं, किंवा पाय रोवून ढकलावं लागलं, तर तुमचं दुखणं तिथेच आहे, आणि नवी केबल घातलीत तर तीही लवकर खराब होईल. मशीन हलकं फिरतंय पण चाक अजून जडच, तर टिल्ट ट्यूबच्या तोंडावरचा मोठा नट सोडून दांडा पूर्ण बाहेर ओढा आणि चाक पुन्हा फिरवा. आता हलकं झालं तर दांडा ट्यूबमध्ये आवळला होता. तरीही जड असेल तर केबल किंवा गिअरपेटी. केबल गिअरपेटीतून काढून नुसतं चाक फिरवलं की तेही कळतं. जुन्या गिअरपेटीत चाक ढिलं पडलेलं मी जास्त वेळा पाहिलंय, जड झालेलं क्वचित.

पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या बोटीत बहुतेक वेळा टिल्ट ट्यूब निघते. जुनं ग्रीस मेणासारखं कडक होतं, त्यात मीठ बसतं आणि दांडा गंजाने नळीला धरतो. दांडा निघत नसेल तर दोन्ही तोंडांतून गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी टोकावर लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हाताने ठोका, थोडा सरकला की परत तेल, परत ठोका. हातोडी थेट दांड्यावर मारू नका, टोक फुगलं की तो नळीतून कधीच निघणार नाही. बाहेर आल्यावर दांडा बारीक पॉलिश पेपरने साफ करा. तो वाकलेला किंवा गंजाने खड्डे पडलेला असेल तर मात्र केबलच बदला. नळीत सळईला गुंडाळलेला पॉलिश पेपर किंवा गोल तारेचा ब्रश फिरवा, आणि पलीकडून नळीच्या आतला धातू दिसेपर्यंत थांबू नका.

खुंट्याचं काम वेळखाऊ आहे, पण होतं. ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) काढा, भोकातलं कडक ग्रीस तारेने उकरा, आत डिझेल किंवा गंजाचं तेल सोडा आणि मशीन डावी-उजवीकडे हलवत राहा. एका दिवसात सुटलं नाही तर दोन दिवस करा. मग नवं निप्पल लावून ग्रीस गन मारा, जुनं काळं ग्रीस खुंट्याच्या वर आणि खाली दोन्हीकडून बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. फक्त वरून आलं तर खालचा भाग कोरडाच आहे. काही जण ब्लो लॅम्पने शेकतात. पेट्रोलची टाकी आणि नळी जवळ असताना हे करू नका. शिवाय आतले बुश प्लास्टिकचे असले तर ते वितळतात.

केबलच जड निघाली तर ती दुरुस्त होत नाही. वरचं कव्हर चिरलं की पाणी आत शिरतं आणि आतली तार गंजते. तेल ओतून चार दिवस बरं वाटतं, पण अशी केबल एक दिवस तुटतेच. आमच्याकडे कर्ली नदी समुद्राला मिळते त्या मुखावर ओहोटीचं पाणी आणि समोरची लाट भिडते, तिथे बोटीत माणसं असताना स्टीअरिंग गेलं तर पुढे काय होईल ते लिहिण्याचीही मला इच्छा नाही. नवी केबल घेताना जुन्या केबलवर छापलेला नंबर बघा, लांबी बहुधा त्यातच फुटांत असते. बसवताना कुठलंही वळण साधारण २० सेंटिमीटरच्या त्रिज्येपेक्षा लहान नको. सीट वाढवताना खोक्याखाली कोंबलेल्या केबली मी बऱ्याच बोटींत पाहिल्या आहेत, आणि त्या नव्या असतानाच जड लागतात.

ग्रीस पाण्यात टिकणारं, मरीनचंच घ्या. आणि हे नीट वाचा: टिल्ट ट्यूबच्या निप्पलमध्ये ग्रीस मारण्याआधी चाक फिरवून दांडा पूर्ण आत घ्या. दांडा बाहेर असताना नळी ग्रीसने भरली तर परत येणाऱ्या दांड्याला जागा उरत नाही आणि स्टीअरिंग एका बाजूला अडकून बसतं. एका ओळखीच्या बोटीचं असं खाडीत झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. नशिबाने तिथे पाणी शांत होतं.

सळई परत जोडताना जुने नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) वापरू नका. ते एकदा उघडले की त्यांची पकड कमी होते. दोन नव्या नटांचा खर्च अगदी थोडा असतो आणि सगळं स्टीअरिंग त्यांच्यावर असतं.

जोडून झाल्यावर बोट चालू असताना एकाच बाजूला जड आणि दुसरीकडे आपोआप ओढ असेल तर तो गंज नाही, ती पंख्याची (प्रोपेलरची) ओढ आहे. पंख्याच्या वरच्या छोट्या ट्रिम टॅबचं मागचं टोक ज्या बाजूला बोट ओढते त्याच बाजूला थोडं वळवा आणि पुन्हा चालवून बघा.

हायड्रॉलिक वाईट नाही, मोठ्या मशीनला ते हवंच. पण जाम खुंट्यावर हायड्रॉलिक बसवलंत तर जडपणा हाताला कळेनासा होईल आणि खुंटा आतून खात राहील. आधी मशीन मोकळं करा, मग हवं तर तो विचार करा. तुमच्या ४० च्या मशीनला चांगली केबल पुरते.

पुढच्या वर्षी बोट वर ओढाल तेव्हा टिल्ट ट्यूब आणि खुंटा गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, ग्रीस भरून दांडा आत घेऊन ठेवा. माडाचे झाप घालून बोट शाकारली तरी पंधरा दिवसांनी एकदा आत शिरून चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून परत दांडा आत घ्या.

सळई सोडवल्यावर मशीन हाताने फिरलं की नाही, तेवढं इथेच लिहा. नसेल फिरलं तर निप्पल कुठे आहे त्याचा फोटोही टाका, पुढचं त्यावरून सांगतो.