एक म्हणते कापा, दुसरा म्हणते शेका

"मॅडम, एक डॉक्टर म्हणते कापा, दुसरा म्हणते शेका. कोणाचं ऐकायचं आम्ही?"

नागपुरात कॅन्सरच्या रुग्णांचं समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यापुढे सारखाच येतो. त्यातलं हे एक कुटुंब, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

काका एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, उमरेडकडचे. तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणणारे. स्वरयंत्राचा कॅन्सर, तिसरी स्टेज. पहिल्या डॉक्टरांनी स्वरयंत्र पूर्ण काढायला सांगितलं होतं, म्हणजे श्वास कायमचा गळ्याच्या छिद्रातून. दुसऱ्यांनी कीमो आणि सात आठवड्यांत ३५ शेक, म्हणजे रेडिएशन. मुलगा ऑपरेशनच्या बाजूने, मुलगी शेकाच्या. घरात अबोला.

कोणता डॉक्टर बरोबर, हे ठरवणं माझं काम नाही. पण दोन मतं आली की एक कोणीतरी चुकतोय किंवा पैसे काढतोय, हा समज मात्र मी आधी खोडते. या आजारात मतभेद जुनाच आहे. १९९१ साली अमेरिकेतल्या ३३२ माजी सैनिकांवरचा अभ्यास आला: अर्ध्यांचं ऑपरेशन, अर्ध्यांना आधी कीमो आणि मग शेक. दोन वर्षांनी दोन्हीकडे ६८ टक्के लोक जिवंत होते. शेकवाल्यांपैकी ६४ टक्क्यांचं स्वरयंत्रही टिकलं.

मुलगी लगेच म्हणाली, "बघ दादा!"

तेवढ्यात काकांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी, शर्ट ओला. मुलीनं सवयीनं पाठ चोळली. त्या सवयीकडे माझं लक्ष गेलं.

"हे कधीपासून?"

"झाले दोनेक महिने."

"दुसऱ्या डॉक्टरांना सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. ठसका म्हणजे आजार थोडाच, असं त्यांना वाटलेलं. शिवाय दुसरीकडे काय गेलं होतं? बायोप्सीच्या रिपोर्टचा मोबाइलवरचा फोटो आणि सीटी स्कॅनचा कागद. ना स्कॅनची सीडी, ना बायोप्सीचे ब्लॉक (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचे मेणात जपलेले ठोकळे). पहिल्यांकडे ते मागितलेच नव्हते, "त्यांना राग येईल" म्हणून. (ही भीती आपल्याकडे फार. ब्लॉक आणि सीडी मागण्यात गैर काही नाही.)

मी एवढंच केलं: सगळे कागद एका फाइलमध्ये लावायला सांगितले आणि दोन्हीकडे नेण्यासाठी एकच प्रश्न लिहून दिला, "ठसका लागतो हे धरून तुमचा सल्ला काय, आणि दुसरा मार्ग घेतला तर काय बिघडेल?" यासाठी आठवडा दिला, महिना नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी स्वतः सीडी बघितली. म्हणाले, हे आधी कळायला हवं होतं. गिळताना पाणी आताच श्वासनलिकेत जातंय, तर शेकानं स्वरयंत्र जागेवर राहील, पण ते नीट काम करेलच असं नाही. शेक देता येतील. मात्र आता त्यांचाही कल ऑपरेशनकडे होता.

मुलगी माझ्याकडे येऊन रडली. बाबांचं भजनच जाणार, याचं तिला वाटत होतं. तोवर काकांना कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं.

घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "मले पोटभर जेवता आलं पाह्यजे, मॅडम. भजन पोट्टे म्हणतील. खंजिरी त हातानंच वाजवाची असते ना."