कर्नाटकचा आंबा 'देवगड हापूस' म्हणून विकणं गुन्हा आहे का? जीआय टॅगचा मग उपयोग काय?

जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकन, ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावू देणारी नोंदणी, त्यामुळे कागदावर गुन्हाच आहे. पण दादरला देवगड म्हणून घेतलेली पेटी घरी उघडल्यावर भलतीच निघाली तर धरायचं कोणाला, हे जरा किचकट आहे. आमची सिंधुदुर्गात आंब्याची थोडी कलमं आहेत, त्यामुळे दर सीझनला घरात हा विषय निघतोच.

आधी एक सांगतो, कर्नाटकात हापूसची जात पिकवायला किंवा तो आंबा विकायला कोणाचीही बंदी नाही. जात तीच आहे, तिकडच्या शेतकऱ्याचा त्यात काही दोष नाही, त्याने कर्नाटकचा आंबा म्हणून विकला तर खुशाल विकू दे. भांडण आहे ते पेटीवर काय छापलंय त्याच्याशी. आणि पेटी काय, 'देवगड' छापलेले खोके आणि आत घालायला मराठी पेपरची रद्दी, दोन्ही बाजारात मिळतं.

जीआयचा कायदा 1999 चा, लागू झाला 2003 ला, आणि पहिला टॅग गेला दार्जिलिंग चहाला. हापूसला मिळायला 2018 उजाडलं, कारण देवगडवाले म्हणणार आमचं नाव वेगळं, रत्नागिरीवाले म्हणणार आमचं वेगळं, आणि अर्ज वर्षानुवर्षं पडून. शेवटी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर असे पाचही जिल्हे एकाच टॅगखाली आले आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि बागायतदारांच्या संस्था त्याचे मालक झाले. यात एक गंमत आहे, पालघरचा आंबा कोणी देवगड म्हणून विकला तर टॅगच्या हद्दीतलाच आंबा तो, तिथे माझ्या मते जीआयपेक्षा साधी ग्राहकाची फसवणूक हेच धरावं लागेल.

शिक्षा कडक आहे, 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. पण झडती घेऊन माल जप्त करायला डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) किंवा त्याच्या वरचा अधिकारी लागतो आणि त्यानेही आधी जीआय रजिस्ट्रारचं मत घ्यायचं, ऑफिस चेन्नईला. आता मला सांगा, मे महिन्यात तक्रार केली तर मत येईपर्यंत आंबा राहील का? चादरीला, पैठणीला हे चालून जातं हो, नासणाऱ्या मालाला नाही. दिवाणी दावा जिल्हा कोर्टात लावता येतो पण तो मालक संस्थांनी किंवा नोंदणीकृत वापरकर्त्यांनी, गिऱ्हाइकाने नाही.

आणि इथे आमचीच लोकं कमी पडतात. टॅग मिळाला म्हणजे प्रत्येक बागायतदाराला आपोआप मिळाला असं नसतं, त्याने स्वतः वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं, सातबारा वगैरे जोडून. कित्येकांनी ते केलेलंच नाही, वर 'सरकार काही करत नाही' म्हणून ओरडायला पुढे. काही जण तर स्वतःच बाहेरचा माल मिसळून पाठवतात, हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. तिकडे जुन्नरवाले 'शिवनेरी हापूस' मागतायत, वलसाडवाले 'वलसाड हापूस', त्यांना हरकती घ्यायला मात्र सगळे एकत्र.

देवगडच्या संस्थेने अलीकडे प्रत्येक फळावर युनिक कोडचा स्टिकर आणलाय, काढला की फाटतो म्हणजे दुसऱ्या आंब्यावर चिकटवता येत नाही. मला हाच मार्ग कायद्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर बिल घ्या आणि त्यावर नुसतं 'आंबा' नको, 'देवगड हापूस' असं लिहून घ्या. बरेच जण इथेच टाळाटाळ करतात, मग तिथून घेऊच नका. बिल असेल तर पेटीचा, स्टिकरचा फोटो काढून 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाका, त्याला चेन्नईची वाट बघावी लागत नाही.