कादंबरीत भ्रष्टाचार, विषमता आणि भांडवलशाही दाखवली की ती खोटी का वाटते?

कारण लेखक पैसे दाखवतो, कागद दाखवत नाही. टेबलाखालून पाकीट सरकलं, साहेब गालात हसला, प्रकरण संपलं. असं लिहिणाऱ्यानं तलाठी कार्यालयाची पायरी चढलेली नसते.

साधी वारसनोंद घ्या. खातेदार वारला. वारसांची नावं आधी गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत, मग फेरफार नोंदवहीत. हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार. यात कुणीच तोंडानं पैसे मागत नाही. दाखल्यावरचं नाव सातबाऱ्याशी जुळत नाही, नोटिशीवर एका वारसाची सही राहिली, साहेब दौऱ्यावर आहेत. यातलं प्रत्येक कारण खरं असतं, म्हणूनच ते अडवायला चालतं. शेवटी बाहेर झेरॉक्सपाशी बसलेला माणूस म्हणतो, "करून देतो." कुणाचा किती दर, ते त्याला पाठ असतं. कादंबरीचं पात्र तो आहे, अधिकारी नव्हे.

विषमताही तिथेच सापडते. पुण्यातल्या भावाचं काम फोनवर होतं. गावातली बहीण मजुरी बुडवून खेटे घालते आणि शेवटी तिच्याकडूनच हक्कसोडपत्र लिहून घेतलं जातं.

लाचलुचपत खात्याचा सापळा लिहायचाच असेल तर नीट लिहा. पंचांसमोर नोटांचे नंबर टिपतात, नोटांना फिनॉल्फ्थॅलिन पावडर लावतात. तक्रारदारानं ठरलेली खूण केली की पथक आत शिरतं आणि घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवले की ते गुलाबी होतं. पण मागणी सिद्ध झाली नाही, तर नुसत्या नोटा सापडून भागत नाही. खटले इथेच पडतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही थेट गुन्हेगार आहे. बळजबरीनं द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत तक्रार हवी. त्या ७ दिवसांत घरात काय बोलणं होतं, यावर अख्खं प्रकरण उभं राहील.

"एवढा तपशील म्हणजे बातमीदारी, साहित्य नव्हे," हे साहित्यिक चर्चांत मी कायम ऐकतो आणि मला ते साफ अमान्य आहे. तपशील टाळला की उरतो फक्त लोभी माणूस, आणि व्यवस्था सुटते.

अर्थात सगळे तलाठी असे नसतात, आणि ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीमुळे वारसनोंदीचा अर्ज आता घरबसल्याही करता येतो. भांडवलशाहीचं म्हणाल, तर सिगार ओढणारा कारखानदार नको. अधिसूचना निघण्याआधीच महामार्गाची आखणी कळलेला आणि त्याच बहिणीच्या भावांकडून जमीन रीतसर, मुद्रांक भरून घेणारा खरेदीदार दाखवा.